नातवंडांची सुटी आणि आपले देवघर

शाळांचे निकाल लागतात, मे महिना उजाडतो आणि वर्षभर ज्या घरात दोनच माणसांचा स्वयंपाक होत असतो, तेथे एकाएकी पाच-सहा पाने मांडली जाऊ लागतात. कुणाची नातवंडे पुण्या-मुंबईहून येतात, कुणाची परदेशातून. कुणाची याच गावात राहतात. पण आईवडील नोकरीवर गेले की सकाळपासून संध्याकाळपर्यंत आजी-आजोबांच्या हवाली असतात. अशा वेळी ज्येष्ठांच्या मनात दोन इच्छा एकदमच जाग्या होतात. मुलांनी सुटीचा आनंद लुटावा ही पहिली. आपल्या घराण्यात चालत आलेले देवाधर्माचे, आचाराविचाराचे चार शब्द त्यांच्या कानांवर पडावेत ही दुसरी. आपल्यानंतर हे त्यांना कोण सांगणार, असा प्रश्न पुष्कळदा त्या दुसऱ्या इच्छेच्या पाठीशी उभा असतो.

ही इच्छा रास्त आहे. मात्र कुटुंबाचा डॉक्टर म्हणून त्या सुटीचा उत्तरार्धही माझ्या पाहण्यात येतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात नातवंडे परततात आणि दवाखान्यात आजी-आजोबा येऊ लागतात. कुणाचा गुडघा सुजलेला असतो, कुणाची साखर चढलेली असते, कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या धावपळीत आठवडाभर राहून गेलेल्या असतात. क्वचित एखादे मूलही येते. रात्री दचकून उठते, पोट दुखते म्हणते, आणि विचारपूस केल्यावर कळते की ‘खोटे बोललास तर देव शिक्षा करील’ हे वाक्य त्याच्या मनात खोल रुतून बसले आहे. शिकवण देणाऱ्याची प्रकृती आणि घेणाऱ्याचे मन, दोन्ही सांभाळून ही सुटी कशी घालवता येईल, याचा विचार या लेखात करू.

बेचाळीस रात्रींचा धडा

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिले, हे नाशिककरांना अभिमानाने सांगावेसे वाटते. या पुस्तकाची रचना आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. दिवसभराची कामे आटोपून मंडळी जमतात आणि श्याम एका रात्री एकच आठवण सांगतो. अशा एकूण बेचाळीस रात्री आहेत. आपल्या शाळांची उन्हाळी सुटीही साधारण सहा आठवड्यांची, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच रात्रींची असते. रोज एक गोष्ट, तीही बेताची, आणि दुसरी उद्यासाठी राखून ठेवलेली. बालमनाला पेलणारी आणि वृद्धांच्या श्वासाला झेपणारी अशी याहून चांगली मात्रा मला ठाऊक नाही.

त्यातील पहिल्याच रात्रीची आठवण ज्येष्ठांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. ती वटसावित्रीच्या व्रताची आहे. श्यामची आई तापाने खंगलेली असते. वडाला प्रदक्षिणा घालण्याचे बळ तिच्या अंगी उरलेले नसते. ती लहानग्या श्यामला आपल्या वतीने प्रदक्षिणा घालावयास सांगते. मित्र हसतील या संकोचाने तो आधी कचरतो, पण अखेरीस जातो. व्रत मोडले नाही, आईच्या शरीराला त्रास झाला नाही आणि मुलाला मातृभक्ती शिकवावी लागली नाही, ती त्याच्या हातून घडली.

आपल्यापैकी कितीतरी जणींना गुडघेदुखीमुळे देवळाला प्रदक्षिणा घालणे अवघड झाले आहे. कितीतरी आजोबांना वाकून फुले वेचता येत नाहीत. याची खंत मनात कुढत ठेवण्याऐवजी ते काम नातवंडांच्या हाती सोपवावे. ‘माझ्या वतीने तू घाल’ या चार शब्दांत श्रद्धेचा पाठ आहे आणि वृद्धसेवेचाही. आज तुळशीला पाणी घालणारा हात उद्या आपल्याला पाण्याचा पेला आणून देणार आहे.

काय शिकवावे, कसे शिकवावे

पाच-सहा वर्षांच्या मुलाला तत्त्वज्ञान कळत नाही. गोष्ट कळते, कृती कळते. म्हणून शिकवणीचा क्रम तोच असावा. आधी गोष्ट, मग त्या गोष्टीला शोभेलशी एखादी लहानशी कृती, आणि शेवटी मुलाच्या प्रश्नासाठी राखलेला वेळ. पक्ष्याची गोष्ट सांगितली तर दुसऱ्या दिवशी गच्चीवर पसरट भांड्यात पाणी ठेवावे. अन्नदानाची सांगितली तर घरकाम करणाऱ्या ताईंना पन्ह्याचा पेला मुलाच्याच हातून द्यावा. सायंकाळी दिवा लावताना प्रार्थना म्हणावी, पण ती दोन मिनिटांची असावी. पाठांतर अवश्य घ्यावे, परंतु रोज दोन ओळींपेक्षा अधिक नको. चुकले तर पुन्हा म्हणावे, रागावू नये. स्वच्छ उच्चारांनी मोठ्याने म्हणताना ज्येष्ठांच्याही श्वासाला आणि आवाजाला व्यायाम होतो.

भीती मात्र घालू नये. देव पाहतो आहे, देव कोपेल, पाप लागेल ही वाक्ये मोठ्यांना म्हणण्याच्या सवयीची असतात. लहान मूल ती शब्दशः घेते. आजी आजारी पडली ती आपण खोड्या केल्यामुळे, असा निष्कर्ष पाच वर्षांचे मूल सहज काढू शकते आणि कोणाला न सांगता महिनोन्‌महिने उराशी बाळगू शकते. अंथरूण ओले होणे, एकटे झोपण्यास नकार, वारंवार पोटदुखी ही त्याची बाहेर दिसणारी चिन्हे असू शकतात. घरात कोणी आजारी असेल तर मुलाला जवळ घेऊन एकदा स्पष्ट सांगावे, ‘हे तुझ्यामुळे झालेले नाही.’

मुलांच्या प्रश्नांनाही घाबरू नये. ‘आजोबा, देव दिसत का नाही?’ या प्रश्नाचे पक्के उत्तर आपल्यापाशी नसेल, तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. ‘मलाही लहानपणी हाच प्रश्न पडला होता; मला काय वाटते ते सांगतो’ असे म्हटले की मूल आपले बोलणे अधिक मनापासून ऐकते. सुनेची किंवा जावयाची श्रद्धा आपल्याहून निराळी असेल, तर सुटीच्या आरंभीच त्यांच्याशी बोलून घ्यावे. मुलांसमोर आईवडिलांच्या मतांना उणे लेखणारी शिकवण कधीही पचत नाही.

दिवसाची आखणी

नाशिकमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीपर्यंत जातो. म्हणून दिवसाचे दोन थंड तुकडे नातवंडांसाठी आणि मधला उन्हाचा तुकडा विश्रांतीसाठी, अशी वाटणी करावी.

सकाळी सहा ते नऊ ही वेळ अंगणाची आणि देवघराची. फुले वेचणे, रांगोळीचे चार ठिपके, जमतील तितके सूर्यनमस्कार. टाकळी येथे समर्थ रामदासांनी बालवयात येऊन बारा वर्षे उपासना केली आणि तिला सूर्यनमस्कारांची जोड दिली, अशी परंपरा आहे. ही कथा मुलांना सांगावी आणि नमस्कार त्यांनी घालावेत. आपण मोजण्याचे काम करावे. उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचा विकार असलेल्या ज्येष्ठांनी उत्साहाच्या भरात वाकण्याचे प्रयोग करू नयेत.

दुपारी बारा ते चार घरात. जेवणानंतर ज्येष्ठांनी पाऊण तास आडवे व्हावे आणि त्या वेळात मुलांनी चित्र काढणे, कागदाची किंवा मातीची मूर्ती करणे, देवघरातली पितळी भांडी चिंचेने घासणे असे शांत उद्योग करावेत. ‘आजीच्या झोपेची वेळ’ हा घराचा नियम म्हणून पहिल्याच दिवशी सांगावा. मोबाइलचा पडदा हा दुपार काढण्याचा सोपा मार्ग वाटतो. पण दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे आणि त्याहून लहानांना तो न दाखवणेच बरे.

सायंकाळी दिवा, प्रार्थना, परवचा आणि जेवणानंतर गोष्ट. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तासांची झोप लागते. त्यामुळे गोष्ट नऊपूर्वी संपावी. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते या वेळी आवर्जून लावावे. मुलाने विचारलेला प्रश्न ऐकू न आल्याने आपण केवळ मान हलवली, तर त्याला ते लगेच कळते आणि हळूहळू ते विचारणे सोडून देते.

पाण्याचे एक वेगळेच. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि खेळात रमलेल्या मुलाला तहान लागली तरी ते पाणी मागत नाही. म्हणून दर तासाला ‘आजी-नातवाचे पाणी’ असा परिपाठ ठेवावा. दोघांनी एकमेकांना आठवण करावी. ताक, लिंबू-सरबत, कोकम उत्तम. पन्ह्यातला गूळ मधुमेहींनी हिशेबात धरावा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घेण्यास सांगितलेल्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापुरते प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

देवघरातील सावधगिरी

देवघर हे घरातील सर्वांत पवित्र स्थान. परंतु लहान मुलाच्या दृष्टीने तेथे काही धोकेही असतात आणि ते सहसा कोणी सांगत नाही.

पहिला कापराचा. पूजेच्या तबकात कापूर आणि खडीसाखर शेजारी-शेजारी असतात आणि दोन्ही पांढऱ्याशुभ्र दिसतात. लहान मुलाने कापराची एखादी वडी गिळली, तरी काही मिनिटांत त्याला झटके येऊ शकतात. असे घडल्याची शंका आली तर मुलाला ओकारी करण्यास लावू नये, दूध-तूप पाजत बसू नये, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून किंवा मिळेल त्या वाहनाने थेट रुग्णालय गाठावे. कापूर झाकणाच्या डबीत, उंचावर आणि खडीसाखरेपासून दूर ठेवावा.

दुसरा मधाचा. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, बोटाला लावून चाटवूही नये. मधात असू शकणाऱ्या एका जंतूच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. पंचामृताचा थेंब बाळाच्या ओठांना लावण्याची हौस असेल, तर ती पुढच्या वर्षासाठी ठेवावी. मोठ्या मुलांसाठीही पंचामृतात उकळून गार केलेले दूध वापरावे.

तिसरा प्रसादाचा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे चार-पाच वर्षांखालील मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांच्यासाठी कूट करावे, किंवा केळे, शिरा असा मऊ प्रसाद ठेवावा. धूप व उदबत्तीच्या धुराने दम्याची मुले आणि जुनाट खोकल्याचे आजोबा दोघेही बेजार होतात. एक निरांजन पुरेसे आहे, तेही मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी असावे.

चौथा धोका देवघराबाहेरचा, पण सर्वांत मोठा. तो म्हणजे आपल्याच गोळ्या. नातवंडे आली की आजीची पर्स उशाशी आणि आजोबांचा गोळ्यांचा डबा जेवणाच्या मेजावर, हे चित्र घरोघरी दिसते. मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारखी एखादी गोळी लहान मुलाने गिळली, तरी त्याची साखर धोकादायक पातळीला उतरू शकते आणि हा परिणाम काही तासांनी उशिरा दिसू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्याही तितक्याच घातक आहेत. मूल खेळते आहे, हसते आहे म्हणून थांबू नये. गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन लगेच रुग्णालयात न्यावे. नातवंडे येण्याच्या आदल्या दिवशी सगळी औषधे कुलपाच्या कपाटात हलवणे, ही सुटीची पहिली तयारी समजावी. कुलपात ठेवल्यावर घ्यावयाची विसरू नयेत म्हणून रोजच्या दिव्याच्या वेळेशी त्यांची सांगड घालावी.

उपवास: शास्त्रही मुभा देते

सुटीच्या दिवसांत अक्षय्य तृतीया, गंगा दशहरा, निर्जला एकादशी, वटपौर्णिमा अशी व्रते-पर्वे येतात. नातवंडांना परंपरा दाखवण्याच्या भरात ज्येष्ठ मंडळी एरवी सोडलेले उपवास पुन्हा धरतात. त्यातील निर्जला एकादशी ही ज्येष्ठातल्या उकाड्यात, पाण्याशिवाय करण्याची. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार असलेल्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती करू नये, हे स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

याने मन खट्टू होण्याचे कारण नाही. एकादशीचे व्रत आठ वर्षांवरील आणि ऐंशी वर्षांखालील माणसासाठी, असे धर्मशास्त्रानेच म्हटले आहे. म्हणजे नातू आणि पणजोबा दोघांनाही सूट आहे. आजारी माणसासाठीही सवलती आहेतच. इस्लाममध्येही आजारी आणि प्रवासी यांना रोज्यातून मोकळीक दिलेली आहे. ज्यांनी व्रते सांगितली, त्यांनी शरीराची मर्यादा ओळखली होती. आपण त्यांच्याहून कठोर होण्याचे कारण नाही.

ज्या मधुमेहींना डॉक्टरांशी बोलून फराळाचा उपवास करावयाचा आहे, त्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. साबुदाण्याची खिचडी साखर झपाट्याने वाढवते. त्याऐवजी वरीचे तांदूळ बेताने, सोबत दही, काकडी, राजगिरा असे घ्यावे. इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्यांची मात्रा तशीच ठेवून जेवण कमी केले, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे. साखर ७० च्या खाली गेली तर उपवास तेथेच सोडून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपवासाने अंगातले पाणी आणि आम्लाचा तोल बिघडण्याचा धोका असतो. त्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय उपवास करूच नये.

मुलांना उपवासाची गोडी लावायची असेल, तर एका दिवसासाठी एखादा आवडता पदार्थ सोडावा आणि तो कोणाला तरी द्यावा, असे व्रत सुचवावे. संयम आणि दान दोन्ही त्यात येतात. शिवाय ‘श्यामची आई’मधील अळणी भाजीची गोष्ट रक्तदाबाच्या रुग्णांनी नातवंडांना जरूर सांगावी. आई मीठ घालण्यास विसरली, तरी वडिलांनी ब्र न काढता ती भाजी खाल्ली. आपल्या ताटातील कमी मिठाची भाजी मग मुलांना दयनीय न वाटता थोर वाटू लागेल.

गंगेवर आणि लेण्यांवर

आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पंचवटीची फेरी सकाळी सात ते नऊ या वेळेत करावी. कपालेश्वराच्या मंदिरात मुलांना एक कोडे घालावे: ‘येथे काय नाही ते ओळखा.’ शिवमंदिर असून समोर नंदी नाही. शंकराला पापमुक्तीचा मार्ग नंदीने दाखवला, म्हणून शंकराने त्याला गुरू मानले आणि आपल्यासमोर बसू दिले नाही, अशी कथा आहे. लहानाकडूनही शिकावे, हा तिचा अर्थ आजी-नातवंडांच्या नात्याला साजेसा आहे. या मंदिराला पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघेदुखीच्या मंडळींनी खाली थांबून कोडे घालावे आणि उत्तर आणावयास मुलांना वर धाडावे. सीतागुंफेचा मार्ग अरुंद असून वाकून, बसून पुढे सरकावे लागते. दमा, हृदयविकार, गुडघ्याचे शस्त्रकर्म झालेल्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा.

काळाराम मंदिरात देवदर्शनाबरोबर आणखी एक गोष्ट सांगावी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिकचे कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते आणि तो काही वर्षे चालला. ‘देवाच्या दारात काही माणसांना का येऊ देत नव्हते?’ असे मूल विचारील. ते विचारू द्यावे आणि खरे उत्तर द्यावे. श्रद्धेच्या शिकवणीत न्यायाची शिकवण नसेल, तर ती अपुरी राहते.

पांडवलेणी नावाने पांडवांची असली तरी ती बौद्ध लेणी आहेत आणि त्यांची संख्या २४ आहे. त्यातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका आजीचा शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिने, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राजवटीच्या १९ व्या वर्षी, हे लेणे भिक्षूंना दान दिल्याची नोंद त्यात आहे. ती स्वतःला महाराजांची माता आणि महाराजांची आजी म्हणवते. नातवंडांना हे दाखवताना कोणत्या आजीला आनंद होणार नाही? मात्र चढ बराच आहे. चढवत नसेल त्यांनी पायथ्याच्या दादासाहेब फाळके स्मारकात थांबावे आणि मुलांना त्यांच्या आईवडिलांबरोबर वर पाठवावे.

त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, कुटुंबाची पांगापांग झाली आणि बाल निवृत्तीला गुहेत गहिनीनाथ भेटले, ही कथा मुले श्वास रोखून ऐकतात. पुढे याच थोरल्या भावाने ज्ञानेश्वरांना उपदेश केला, हे घरातल्या थोरल्या नातवाला मुद्दाम सांगावे. सप्तशृंगगडावर सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. परंतु २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्याने ज्येष्ठांनी हट्टाने पायऱ्या चढण्याची गरज उरलेली नाही. नाशिक-पुणे रस्त्यावरील बाळ येशूच्या देवस्थानातही मुलांना एकदा न्यावे. शेजाऱ्याची प्रार्थना कशी असते हे शांतपणे पाहणे, हाही एक पाठच आहे.

कोठेही गेलात तरी कुंडाचे पाणी तीर्थ म्हणून प्राशन करू नये, करवू नये. ते मस्तकी लावावे आणि पिण्यासाठी घरचे पाणी न्यावे. ओल्या, शेवाळलेल्या घाटावर मुलाचा हात ज्येष्ठांनी धरून दोघांनी घसरण्यापेक्षा, तो घरातील तरुणाने धरावा.

रामकुंडावरचा प्रश्न

रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी दूरदूरहून लोक येतात. मुंडन केलेले, हातात कलश घेतलेले ते लोक पाहून मूल विचारते, ‘हे काय करताहेत?’ आणि क्षणभराने, ‘आजी, तूसुद्धा मरणार का?’

बहुतेक जण येथे विषय बदलतात. तसे करू नये. मुलाला हवी असते ती आपली खात्री, आपले मौन नव्हे. ‘होय, सगळेच कधीतरी जातात. मी औषध घेते, फिरायला जाते, ते तुझ्याबरोबर पुष्कळ दिवस राहता यावे म्हणून. आणि मी नसेन तेव्हाही तुझी काळजी घेणारी माणसे आहेत,’ इतके सोपे आणि खरे उत्तर पुरेसे असते. ‘झोपी गेले’, ‘गावाला गेले’ असे शब्द टाळावेत. लहान मूल मग झोपेलाच किंवा गावालाच घाबरू लागते. त्यापुढे आपल्या श्रद्धेत जे असेल, पुनर्जन्म, वैकुंठ किंवा केवळ आठवण, ते आपल्या शब्दांत सांगावे. मृत्यूविषयी नातवंडाशी एकदा मोकळेपणाने बोललेल्या ज्येष्ठांच्या मनावरचा भारही पुष्कळदा हलका झालेला मी पाहिला आहे.

आजी अंथरुणावर असेल तर

घरात पक्षाघाताचा, विस्मरणाचा रुग्ण असेल, तर मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवण्याची प्रवृत्ती असते. शुश्रूषा करणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की, रोज दहा मिनिटे तरी मुलांना तेथे आणावे. विस्मरणाच्या विकारात सकाळचा नाश्ता आठवत नाही, परंतु लहानपणी पाठ केलेली आरती किंवा ओवी बराच काळ ओठांवर राहते. नातवाने पहिली ओळ म्हणावी आणि आजीने पुढची पुरी करावी, असा खेळ खेळून पाहावा. याने आजार बरा होत नाही, तसे मानूही नये. पण त्या दहा मिनिटांत आजी ‘काळजी घ्यावयाचे माणूस’ न राहता पुन्हा घरातले जाणते माणूस होते. तिने चुकीच्या नावाने हाक मारली तर रुसावयाचे नाही, हे मुलांना आधी समजावून ठेवावे. ती थकली, चिडू लागली, की खेळ थांबवावा.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनी स्वतःकडेही पाहावे. पाहुणे, स्वयंपाक, मुले आणि आजारी माणूस अशी चौफेर जबाबदारी बहुधा घरातील एकाच स्त्रीवर पडते. नातवंडांचे आईवडील सुटीत आले असतील, तर आठवड्यातून निदान दोन दिवस रुग्णाची पूर्ण जबाबदारी त्यांनी घ्यावी, हे आरंभीच ठरवावे. आजी-आजोबांनीही ‘आज मला होणार नाही’ हे वाक्य संकोच न करता उच्चारावे. सुटी मुलांची आहे. ती ज्येष्ठांची नोकरी नव्हे.

बेचाळीसच्या बेचाळीस रात्री गोष्ट सांगून होणार नाही. काही रात्री दम लागेल, काही रात्री मुले क्रिकेट पाहत बसतील. वीस रात्री साधल्या तरी पुष्कळ झाले. एखाद्या रात्री आवाज बसला असेल, तर नातवालाच कालची गोष्ट सांगावयास लावावी आणि आपण डोळे मिटून ऐकावी.

सुटीत हे घडल्यास थांबू नये

• छातीत दडपण, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे: १०८ वर तत्काळ दूरध्वनी.

• उन्हात अंग भाजल्यासारखे गरम होऊन असंबद्ध बोलणे: सावलीत आणून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि रुग्णालयात न्यावे.

• जुलाब-उलट्या: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजावे. मूल सुस्तावले, लघवी कमी झाली, तर डॉक्टरांकडे न्यावे.

• पूजेवरून उठताना चक्कर: रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी असे होते. खुर्चीवर बसून पूजा करावी, सावकाश उठावे आणि गोळ्यांची फेरतपासणी करून घ्यावी.

• मुलाने गोळी किंवा कापूर गिळल्याची नुसती शंका: लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय.